तवा दाखव म्हटलं, तेव्हा कळलं

 

दसऱ्याच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत आमच्याकडं बोलायला कुणाला फुरसत नसते. झेंडू तोडायचा, पोती भरायची, उजाडायच्या आत गाडीत टाकायची. तशात आमच्या गटातली एक जण रोज पहाटे चारला बांधावर बाजूला जाऊन फोन लावायची. तिची लेक सप्टेंबरात शिकायला इंग्लंडला गेली, एका वर्षाच्या एम.एस्सी.ला. नाव सांगत नाही, तिनंच नको म्हटलं. पण ‘माझं जे चुकलं ते सांगा, दुसऱ्या कुणाची लेक जाईल तेव्हा कामाला येईल’ असंही तीच म्हणाली. म्हणून आजचं बोलणं.

आधी वेळेचं बघू. आपल्याकडं पहाटेचे चार वाजतात तेव्हा तिथं आदल्या रात्रीचे साडेअकरा असतात, म्हणजे ते आपल्यापेक्षा साडेचार तास मागं. आईनं हे बोटावर मोजून पाठ केलं होतं. दसऱ्यानंतर ती रात्री नऊला फोन लावायला लागली, तेव्हा लेकीचे दुपारचे साडेचार व्हायचे आणि वर्ग सुटलेला असायचा. मग ऑक्टोबर संपताना एकाएकी लेक फोन कापायला लागली. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. आईचा जीव वर-खाली. झालं एवढंच होतं की ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली सगळी घड्याळं एक तास मागं करतात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पुढं. हिवाळ्यात फरक साडेपाच तासांचा होतो. आईच्या नऊ वाजता लेक अजून वर्गात बसलेली असायची.

सरकार घड्याळ फिरवतं हे ऐकून आमच्या बैठकीत लई हसू झालं. पण त्याच्यामागं सूर्याचं कारण आहे. मुदखेड विषुववृत्तापासून उत्तरेला साधारण १९ अंशांवर, लंडन साडेएक्कावन्नवर. जितकं उत्तरेला जावं तितका हिवाळ्याचा दिवस आखूड आणि उन्हाळ्याचा लांब. आपल्याकडं डिसेंबरातही दिवस अकरा तासांच्या आसपास भरतो. लंडनला तो आठ तासांचाही होत नाही. सकाळी आठला उजाडतं आणि दुपारी चार वाजायच्या आतच सूर्य मावळतो. जूनमध्ये उलट, साडेसोळा तास उजेड. उन्हाळ्यातला हा उजेड संध्याकाळी वापरता यावा म्हणून घड्याळ पुढं करतात.

लेकीला थंडीपेक्षा हा अंधार जड गेला. ती म्हणायची, ‘माय, दुपारचा चहा घेऊन बाहेर बघते तर रात्र.’ आपण उन्हाला शिव्या देतो, पण अंगाला ऊन लागलं तरच कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं. तिथलं सरकारी आरोग्य खातंच सांगतं की शरद आणि हिवाळ्यात सगळ्यांनी ड जीवनसत्त्वाची गोळी घेण्याचा विचार करावा. सावळ्या कातडीला तर ते करायला ऊन जास्तच लागतं.

बाकी छोट्या छोट्या गोष्टींत तिला गंमत वाटली. नळाचं पाणी तसंच प्यायचं. जुन्या घरांत एकाच बेसिनला दोन नळ, एकातून कढत पाणी आणि दुसऱ्यातून गार, मधलं काही नाही. न्हाणीघरात दिव्याचं बटण नसून छताला दोरी लोंबते, ती ओढायची. आपल्या चार्जरच्या गोल पिना तिथल्या भोकात जात नाहीत, कारण त्यांच्या तीन पिना चौकोनी असतात. आणि कुणी वाटेत ‘यू ऑलराइट?’ म्हटलं तर तो राम राम असतो. ही बिचारी पहिल्या दिवशी घाबरली. आपला चेहरा इतका आजारी दिसतो का, म्हणून आरशात बघून आली.

हे सगळं ती फोनवर हसून सांगायची. जे सांगायचं नाही ते गिळायची.

दिवाळीनंतर एकदा फोन चित्राचा होता. आईला दिसलं की पोरगी खोलीतही कोट घालून बसली आहे आणि गालाची हाडं वर आली आहेत. ‘जेवलीस का?’ ‘हो माय, जेवले.’ ‘काय खाल्लीस?’ ‘केलं होतं काहीतरी.’ आता ही बाई रोज पहाटे शंभर माणसांशी फुलांचा भाव करते, तिला उडवाउडवी ओळखता येते. ती म्हणाली, ‘बरं, तवा दाखव.’

लेक गप्प. मग रडायला लागली.

गोष्ट अशी होती. पहिल्याच आठवड्यात तिनं शेजारच्या मुलीची कढई मागून घेतली आणि सवयीनं फोडणी घातली. मोहरी तडतडली, मिरचीचा खकाणा उठला आणि छतावरची धुराची घंटा बोंबलायला लागली. तिथं प्रत्येक इमारतीत अशी घंटा बसवलेली असते. ती वाजली की सगळ्यांनी हातातलं टाकून बाहेर उभं राहायचं, खरी आग असो नसो. रात्री दहाला कुडकुडत उभी राहिलेली साठ-सत्तर पोरं बघून हिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यानंतर कुणाचं भांडं मागायचं तोंड राहिलं नाही.

तिचा स्वतःचा तवा होता, घरून नेलेला. विमानाला बॅगेचं वजन २३ किलोच्या आत ठेवायचं, म्हणून आईनंच लोखंडी काढून हलका जर्मनचा तवा घातला होता. आणि त्या शेगडीवर तो तवा तापेचना. दुसऱ्यांच्या भांड्याला शेगडी तापते आणि आपल्या तव्याला नाही, हे कोडं तिला उलगडलं नाही. विचारायची लाज, आणि नवा घ्यायचा तर पौंडाची किंमत शंभर रुपयांच्या वर. दुकानात प्रत्येक वस्तू उचलायची, मनात रुपये करायचे आणि परत ठेवायची. पाच-सहा आठवडे ती पावावर आणि केळांवर होती. केळीच्या मुलुखातली पोरगी, पण केळं खाऊन किती दिवस काढणार?

तव्याचं कोडं सोपं आहे. ती शेगडी इंडक्शनची, काचेसारखी सपाट. तिच्यात जाळही नसतो आणि लाल होणारी तारही नसते. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. विजेनं त्याच्याभोवती सारखी बदलणारी चुंबकाची ओढ तयार होते आणि तिच्यामुळं वर ठेवलेल्या लोखंडातच वीज फिरून भांडं स्वतः तापतं. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, त्याला चुंबक चिकटत नाही, म्हणून तो तापत नाही. तांब्या-पितळेचंही तेच. लोखंड आणि बीड चालतं. स्टीलमध्ये काही चालतं, काही नाही. घरातला चुंबक भांड्याच्या बुडाला लावून बघावा, घट्ट चिकटला तर भांडं चालेल. बूड सपाटही हवं, आपला खोलगट तवा काचेवर डुलतो. अन् भाकर फुगवायला जाळ नाहीच, तेव्हा तव्यावरच उलटून फडक्यानं कडा दाबायच्या. पहिल्या चार बिघडतात. ज्वारीचं पीठ गुजराती दुकानांत ‘जुवार’ नावानं मिळतं.

तव्यासोबत दुसरी गोष्टही बाहेर आली, ती खोकल्याची. थंडी म्हणून ही खिडकी उघडायची नाही आणि पैसे वाचवायला कपडे धुऊन खोलीतच वाळत घालायची. ओल्या कपड्यांतलं पाणी हवेत जातं आणि गार भिंतीवर दव धरतं. त्या ओलीत काळी बुरशी येते, तिचे कण श्वासात जातात. पलंगामागची भिंत काळी पडली होती. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं खिडकी उघडली, आंघोळीनंतर आणि स्वैपाक करताना हवा बाहेर काढणारा पंखा लावला, कपडे यंत्रात वाळवले तर ही ओल राहत नाही. असलेली बुरशी घरमालकाला लेखी कळवायची.

आणि डॉक्टर? ‘डॉक्टर महाग असेल’ म्हणून ती गेलीच नव्हती. इथं आम्हांला खरोखर राग आला, तिच्यावर नाही, नीट न सांगणाऱ्यांवर. ज्या एजंटानं फॉर्म भरून दिला त्यानं व्हिसाच्या पैशांत दवाखान्याची रक्कमही भरून घेतली होती, विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड. ती भरली की तिथल्या सरकारी आरोग्य सेवेत डॉक्टरला दाखवायला वेगळे पैसे पडत नाहीत. हे त्यानं घरच्यांना समजावलंच नाही. पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच जवळच्या दवाखान्यात नाव नोंदवायचं, आजारी पडायची वाट बघायची नाही. औषधाच्या चिठ्ठीला इंग्लंडमध्ये दर औषधामागं साधारण दहा पौंड पडतात. रात्री-बेरात्री सल्ला हवा तर १११, जिवावर बेतलं तर ९९९.

आमच्या बैठकीत एक म्हातारी अक्का म्हणाल्या, ‘आजकालच्या पोरी नाजूक.’ तसं नाही अक्का. आनंदीबाई जोशींचं बघा. १८८३ सालच्या ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोटीत बसल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. नवरा सोबत नव्हता. दहा दिवसांचं मूल गमावल्यावर, आपल्या बायांना बाई डॉक्टर हवी म्हणून निघाल्या. ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या, म्हणजे पाण्यावरच जवळजवळ दोन महिने. रोझेल गावच्या कार्पेंटर बाईंनी त्यांना लेकीसारखं घरात ठेवून घेतलं. पुढं फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात गेल्या, तिथं खोलीतली शेकोटी धूर ओकायची. पुढं घटसर्पानं आजारी पडल्या. नऊवारीत पाय उघडे पडून गारठायचे, म्हणून त्या गुजराती पद्धतीनं पायघोळ साडी नेसायला लागल्या. असा फेर त्यांनी केला, पण शाकाहार आणि साडी सोडली नाही. १८८६ च्या मार्चमध्ये पदवी मिळाली. कोल्हापूरच्या इस्पितळात बायांच्या विभागाची नेमणूकही झाली होती, पण क्षयानं पोखरलेलं शरीर घेऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. पत्र पोचायला तेव्हा आठवडेच्या आठवडे लागायचे, तव्याचं कोण विचारणार?

बाबासाहेबांचंही तसंच. १९२०-२२ मध्ये लंडनला शिकताना ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात ते उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसायचे. दुपारचं जेवण चुकवायचे, रात्री भूक लागली की पापडाचे तुकडे. ज्या घरात राहिले ते १०, किंग हेन्रीज रोडचं घर आता महाराष्ट्र सरकारनं घेतलं आहे. आणि इकडं रमाई मुंबईत ओढगस्तीत घर रेटत होत्या. तिकडचा उपाशी आणि इकडची उपाशी. आमच्या मैत्रिणीनंही लेकीला सांगितलं नव्हतं की यंदा पावसानं निम्मा झेंडू सडला. दोघी एकमेकींना ‘बरं आहे’ म्हणत होत्या.

आता त्या दोघींनी ठरवलंय, ‘बरी आहेस का’ असं विचारायचंच नाही. आई म्हणते, डबा उघड. भिंत दाखव. शेवटी बाहेर कधी गेलीस, कुणाबरोबर? लेक विचारते, पट्टीचा हिशेब वाच. बायांनो, ‘हो’ म्हणून सुटता येणार नाही असा प्रश्न विचारावा.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण जमीन गहाण टाकून पाठवणारे आमच्या ओळखीत आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, दर वर्षी ७५ जागा. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा असतात आणि त्यातल्या ३० टक्के मुलींसाठी. आदिवासी, ओबीसी, भटके-विमुक्त, अल्पसंख्याक यांच्या योजना वेगळ्या विभागांकडं आहेत. अटी बदलतात, तेव्हा एजंटाच्या तोंडचं न ऐकता त्या वर्षीची जाहिरात वाचायची आणि नांदेडला समाजकल्याणच्या कार्यालयात जाऊन विचारायचं. स्वतःच्या पैशांवर जायचं तर व्हिसाला ठरलेली रक्कम सलग २८ दिवस बँकेत दिसावी लागते. ती दाखवायला व्याजानं पैसे देणारे फिरत असतात. त्यांच्या नादाला लागू नका.

बॅगेत तूप, पेढे, खवा घालू नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिथं विमानतळावर काढून घेतात. येसर, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला चालतो, पण घट्ट बांधून, वर नाव लिहून. फोडणी घालताना स्वैपाकघराचं दार लावून खिडकी उघडायची आणि पंखा सुरू करायचा. धुराच्या घंटेवर मात्र कापड बांधायचं नाही, तो तिथं गुन्हा धरतात.

पुढच्या महिन्यात ओळखीचा एक मुलगा तिकडं चाललाय. आमच्या मैत्रिणीनं त्याच्याकडं द्यायला सपाट बुडाचा लोखंडी तवा बाजारातून आणला. दुकानात चुंबक लावून बघितला. दुकानदार हसला, पण चुंबक चिकटला. तवा दीड किलोचा भरलाय, म्हणून येसराची एक पुडी कमी केली.