बचतगटाच्या पैशातून कॅमेरा: वापरलेला एम५० घ्यावा की कोरा आर५०?

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि आमच्याकडे एकाच प्रश्नाचे फोन सुरू होतात. "दादा, कॅमेरा घ्यायचाय, कोणता घेऊ?" बहुतेकांना दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळं होता येतं. गेल्या आठवड्यातला फोन तसा नव्हता. पोरगा विशीतला. गावात बारसं, वाढदिवस, साखरपुडा यांचे फोटो मोबाईलवर काढतो, रील करून देतो. आईने बचतगटातून कर्ज काढायचं ठरवलंय. हप्ता दर महिन्याला, आणि तो कॅमेऱ्याच्या कमाईतूनच भरायचा. समोर दोन पर्याय: तालुक्याच्या एका फोटोग्राफरकडचा वापरलेला कॅनन एम५०, नाहीतर दुकानातला कोरा कॅनन आर५०.

नावात दोन्हीकडे पन्नास, दिसायला सख्खे भाऊ. पण एम५० आला २०१८ मध्ये आणि आर५० आला २०२३ मध्ये. मधल्या पाच वर्षांत काय बदललं आणि त्यातलं आपल्या कामाचं किती, हे नीट समजून घेतल्याशिवाय सौदा करू नका.

दोन्ही मिररलेस आहेत. म्हणजे जुन्या डीएसएलआरसारखा आत आरसा नाही, सेन्सरवर जे पडतं तेच थेट स्क्रीनवर दिसतं. म्हणून अंगाने लहान आणि वजनाने हलके. बॅटरी-कार्ड धरूनही दोघे चारशे ग्रॅमच्या आत. दोघांची स्क्रीन बाहेर वळते, दोघांना बाहेरचा माईक जोडता येतो, दोघांत वर उघडणारा छोटा फ्लॅश आहे. फोटो एम५० मध्ये २४.१ मेगापिक्सेलचा, आर५० मध्ये २४.२ चा. त्या शून्य पॉइंट एकसाठी कुणी जादा पैसे मागत असेल तर हसून सोडून द्या. भर उजेडात काढलेले दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर नवरदेवाच्या बापाला फरक सांगता येणार नाही.

फरक सुरू होतो व्हिडिओपासून.

एम५० च्या खोक्यावर 'फोर-के' लिहिलेलं आहे आणि विकणारा तेच आधी सांगणार. खोटं नाही, पण अर्धवट आहे. फोर-के लावला की हा कॅमेरा सेन्सरचा फक्त मधला भाग वापरतो. त्यामुळे चित्र आपोआप १.६ पट जवळ येतं. सोबतची १५-४५ लेन्स साध्या फोटोत जेवढा परिसर दाखवते (फुल फ्रेमच्या हिशोबात साधारण २४ मिलिमीटर), तो फोर-के मध्ये आक्रसून ३८ मिलिमीटरएवढा होतो. पडवीत उभं राहून हळदीचा व्हिडिओ काढायचा तर पाठ भिंतीला टेकली तरी निम्मी माणसं बाहेर राहतात. दुसरी अडचण त्याहून मोठी. कॅननची जी भरवशाची फोकस पद्धत आहे, ड्युअल पिक्सेल, ती एम५० मध्ये फोर-के लावल्यावर बंद होते. मग कॅमेरा पुढे-मागे चाचपडत फोकस शोधतो. नवरी चालत येतेय आणि चित्र एकदा धूसर, एकदा स्पष्ट, असं होऊ शकतं. अंतरपाट दुसऱ्यांदा धरत नाहीत.

आर५० मध्ये ही दोन्ही दुखणी नाहीत. तो सेन्सरची पूर्ण रुंदी वापरतो, जास्त बारकाव्याचं चित्र घेऊन त्यातून फोर-के तयार करतो, आणि नव्या पिढीचा ड्युअल पिक्सेल फोकस तिथेही चालू राहतो. माणसाचा डोळा पकडला की माणूस वळला, चालला, तरी धरून ठेवतो. स्लो मोशनसाठी फुल एचडीत सेकंदाला १२० फ्रेम मिळतात. एम५० मध्ये १२० हव्या असतील तर त्याहून कमी दर्जाच्या एचडीवर उतरावं लागतं.

आता जरा थांबा. गिऱ्हाईक व्हिडिओ बघणार कशावर? बहुतेक घरी मोबाईलवर, आणि व्हॉट्सअॅपवरून गेला की तो आणखी दाबला जातो. इन्स्टाची रीलसुद्धा १०८० पिक्सेल रुंदीची. एम५० फुल एचडीवर ठेवला तर चित्र कापलं जात नाही आणि ड्युअल पिक्सेल फोकसही चालतो. म्हणून एम५० घेणाऱ्याने फोर-के आहे हे विसरून जावं. मोठ्या टीव्हीवर दाखवायचा लग्नाचा पूर्ण चित्रपट करून देणार असाल, गिऱ्हाईक फोर-के मागून त्याचे पैसे देत असेल, तर गोष्ट वेगळी.

बैलगाडा शर्यतीचे फोटो काढणारे नेहमी वेग विचारतात. फोकस धरत एम५० सेकंदाला साधारण सात फोटो घेतो. आर५० बारा घेतो, आणि आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर पंधरा. त्याला माणसं, प्राणी, वाहनं ओळखायला शिकवलंय. प्राण्यांत कुत्री, मांजरं, पक्षी आहेत. बैल नाही! तरी घाटात चौकट बैलाच्या तोंडावर ठेवून द्या, तो धरतो. एक सूचना मात्र: मांडवात एलईडीच्या माळा असतात, तिथे ते बिनआवाजी शटर लावू नका. फोटोवर आडवे पट्टे उमटतात.

जिथे जुना सरस ठरतो

हे दुकानदार सांगत नाहीत म्हणून सविस्तर लिहितो. आर५० सोबत येणारी लेन्स १८-४५ आहे. तिचं रुंद टोक साधारण २९ मिलिमीटर भरतं. एम५० ची लेन्स २४ पासून सुरू होते. म्हणजे छोट्या खोलीत सगळ्या भावकीचा ग्रुप फोटो घ्यायचा तर जुन्या कॅमेऱ्यात दोन-तीन माणसं जास्त मावतात. शिवाय त्या टोकाला जुनी लेन्स एफ ३.५ पर्यंत उघडते, नवी एफ ४.५ पर्यंतच. हिशोब केला तर जुनीतून दीडपटीहून जास्त उजेड आत येतो. रात्रीच्या वरातीत हे जाणवतं. फोटो पुरेसा उजळ यावा म्हणून कॅमेरा जितका कमी ताणावा लागेल तितके दाणे कमी.

दुसरी गोष्ट फ्लॅशची. एम५० च्या डोक्यावर नेहमीचा फ्लॅशचा खाचा आहे. तालुक्यातल्या कुठल्याही स्टुडिओतला कॅननचा फ्लॅश किंवा ट्रिगर सरकवा, चालू. आर५० वर कॅननने नव्या पद्धतीचा खाचा दिलाय, जुन्या फ्लॅशला लागणारे पॉइंट त्यात नाहीत. जुना फ्लॅश लावायचा तर एडी-ई१ नावाचा अडॅप्टर वेगळा विकत घ्यावा लागतो. घरी फ्लॅश असेल तर हा खर्च आधीच धरा. ऐन लग्नात कळलं तर मांडवात अडॅप्टर कुणाकडे मागणार?

लेन्सचं दुखणं

जुन्याची खरी कमजोरी ही आहे. एम५० ज्या मालिकेतला, ती मालिका कॅननने २०२३ च्या सुमारास बंद केली. त्याच्या लेन्सना ईएफ-एम म्हणतात. कॅननने त्या मोजक्याच काढल्या आणि आता जे मिळेल ते बहुतेक वापरलेलं. महत्त्वाचं म्हणजे या लेन्स आर५० ला बसत नाहीत, अडॅप्टर लावूनही नाही. उद्या धंदा वाढला आणि मोठा कॅमेरा घेतला तर एम५० च्या लेन्स त्याच्याबरोबरच विकाव्या लागतील. आर५० च्या लेन्स मात्र कॅननच्या पुढच्या मोठ्या मिररलेस कॅमेऱ्यांवरही चढतात.

पण चुलत्याचा किंवा ओळखीच्या स्टुडिओवाल्याचा जुना कॅनन डीएसएलआर घरात पडून असेल, तर त्याच्या लेन्स दोन्हीकडे चालतात. एम५० ला एक अडॅप्टर, आर५० ला दुसरा. डीएसएलआरची स्वस्तातली ५० मिलिमीटर एफ १.८ लेन्स अशी जोडली तर नवरीचे एकटीचे फोटो सुरेख येतात, मग कॅमेरा कुठलाही असो.

बॅटरीत आर५० पुढे. कंपनीच्या मोजणीत एम५० एका चार्जमध्ये सुमारे २३५ फोटो काढतो, आर५० स्क्रीनवर बघून काढले तर सुमारे ४४०. एम५० ची बॅटरी काढून चार्जरलाच लावावी लागते. आर५० टाईप-सी वायरने, पीडी लिहिलेल्या चांगल्या चार्जरवर कॅमेऱ्यातच चार्ज होतो. आपल्याकडची लाईट माहीत आहेच. एम५० घेतला तर तीन बॅटऱ्या हव्यातच. सप्ताहातलं कीर्तन रेकॉर्ड करणाऱ्यांनी हेही बघावं: एम५० एका दमात अर्धा तास रेकॉर्ड करतो, आर५० एक तास. आर५० सुद्धा कडक उन्हात सलग फोर-के चालवला तर गरम होऊन थांबू शकतो.

आणि दोघांत मेमरी कार्डाला एकच खाचा. कार्ड गेलं की लग्न गेलं. जेवणाच्या पंगती चालू असताना लॅपटॉपवर कॉपी करून घ्या.

वापरलेला घेताना

माझं स्वतःचं सांगतो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका दुकानातून वापरलेली लेन्स घेतली. वरून चकाचक. घरी येऊन मोबाईलची टॉर्च आरपार धरली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. बुरशी. दुकानदार म्हणाला, विकलेला माल परत नाही. तेव्हापासून टॉर्च आधी, पैसे नंतर.

एम५० बघायला गेलात की छिद्र एफ २२ वर नेऊन पांढऱ्या आभाळाचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, तेवढे पैसे कमी करून घ्या. स्क्रीन चार-पाच वेळा उघडझाक करा, वळवताना ती विझत असेल तर आतली पट्टी गेली समजा. बॅटरी फुगलेली नको. माईक लावून आवाज ऐका. ऐकायचा तर रेकॉर्ड करूनच, कारण दोन्ही कॅमेऱ्यांना हेडफोनची पिन नाही. आणि मूळ बिलावरचा नंबर कॅमेऱ्याच्या बुडावरच्या नंबराशी जुळवा. बिल नसेल तर चोरीचा माल गळ्यात पडायची भीती असते.

कोऱ्या आर५० च्या बाबतीतही भारतातली वॉरंटी आणि जीएसटीचं बिल मागा. फारच स्वस्त सांगत असेल तर माल बाहेरून आलेला असू शकतो.

मी त्या पोराला एवढंच विचारलं, पहिल्या सहा महिन्यांत तुला पैसे कशाचे मिळणार? तो म्हणाला, फोटो आणि रील. चुलत्याकडे जुना फ्लॅश आणि ५० ची लेन्स आहे. मग मी म्हटलं, एम५० बघ, पण आधी दोन दिवस भाड्याने मागून आण. लग्नाचे पूर्ण व्हिडिओ हेच त्याचं मुख्य काम असतं तर कर्ज थोडं वाढवून आर५० घे, असंच सांगितलं असतं.

त्याने चुलतबहिणीच्या हळदीला तो भाड्याने वापरला. फोटो पाठवले, चांगले आहेत. फुल एचडीत फोकस टिकला, बॅटरी मात्र दुपारीच संपली. दोन जादा बॅटऱ्या आणि अडॅप्टर धरून सौदा कितीला बसतो, ते विचारायला येत्या रविवारी तो आईला घेऊन जाणार आहे.