दातांची सदोष जुळणी : बालवयातील उपचार

तोंड मिटल्यावर वरच्या व खालच्या जबड्यांतील दात परस्परांशी योग्य रीतीने न जुळणे, या स्थितीस दातांची सदोष जुळणी म्हणतात. अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये पहिल्या कायम दाढांच्या परस्परसंबंधावरून तिचे तीन वर्ग पाडले. ते अद्यापि वापरात आहेत.

दुधाचे दात पडणारच, मग त्यांवर खर्च कशाला, हा समज चुकीचा आहे. दुधाची दाढ किडीमुळे अकाली काढावी लागल्यास सहाव्या वर्षाच्या सुमारास उगवणारी पहिली कायम दाढ पुढे सरकते व मागाहून येणाऱ्या उपदाढेस जागा उरत नाही. किडलेली दाढ वेळीच भरणे हा यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय. ती काढावीच लागली, तर शेजारच्या दाढेभोवती निष्कलंक पोलादाची पट्टी व तिला जोडलेला तारेचा फास बसवून जागा राखता येते.

वरचा पटाशीचा एखादा दात खालच्या दातांच्या मागे उगवू लागल्यास खालच्या दाताची हिरडी मागे हटते व दात झिजतात. पुरेशी जागा असेल आणि दात अर्धवटच उगवला असेल, तर जीभ दाबण्याच्या लाकडी पट्टीने काम भागू शकते. पट्टीचे टोक त्या दातामागे तिरके धरून मूल ती चावते आणि दात पुढे ढकलला जातो. दंतवैद्याने दाखविल्याप्रमाणे हे नेमाने करावे लागते. दात मागे पक्का अडकल्यावर पट्टीचा फारसा उपयोग होत नाही. दुधाचे सुळे आधी टेकत असल्यामुळे मूल जबडा एका बाजूस सरकवून चावत असेल, तर सुळ्यांची टोके घासून ही सवय मोडता येते. वरचा जबडाच अरुंद असल्यास मात्र तो रुंदावणारे साधन लागते. अंगठा चोखण्याने पुढच्या दातांत पडलेली फट, कायमचे दात येण्यापूर्वी सवय सुटल्यास, बहुधा आपोआप भरून येते.

लवकर केलेला प्रत्येक उपचार लाभदायक असतोच असे नाही. आठव्या-नवव्या वर्षी वरच्या पुढच्या दातांमध्ये दिसणारी लहानशी फट पालकांना अस्वस्थ करते. ती सहसा कायमचे सुळे आल्यावर मिटते. वरचे दात फार पुढे असल्यास लवकर उपचाराने ते दुखापतीपासून वाचतात, परंतु अंतिम जुळणी किशोरवयातील एकाच उपचाराहून सरस होत नाही. वेळ व खर्च मात्र वाढतो.