लिंबूटिंबूंचा विजय : क्रीडा आणि क्रीडापटांच्या भावनिक आवाहनाची मीमांसा

प्रस्तावना

ज्या दोन संघांशी आपला गावाचा, भाषेचा वा देशाचा कोणताही संबंध नाही, त्यांचा सामना पाहतानाही प्रेक्षक फार काळ तटस्थ राहत नाही. बहुधा तो दुबळ्या संघाची बाजू घेतो. मराठी क्रीडावार्तांकनात अशा संघास ‘लिंबूटिंबू’ म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द मुलांच्या खेळातून आलेला आहे. वयाने लहान असलेल्या मुलास खेळात घेतले जाते, परंतु त्याचे बाद होणे धरले जात नाही. त्यास सवलत असते, पण खेळाडू म्हणून त्याची गणना नसते. लिंबूटिंबू संघ जेव्हा बलाढ्य प्रतिस्पर्ध्यास हरवतो, तेव्हा तो कोणतीही सवलत न घेता, सर्वांना लागू असलेल्या नियमांनीच जिंकतो. त्या विजयाचे भावनिक आवाहन मुख्यतः येथे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. हे आवाहन दयेपेक्षा न्यायभावनेशी अधिक जोडलेले आहे. आणि म्हणूनच त्याच्या मर्यादांचाही विचार करणे अगत्याचे ठरते.

मानसशास्त्रीय अभ्यासांचे निष्कर्ष

प्रेक्षक विजेत्याच्या यशात स्वतःस सामील करून घेतो, ही गोष्ट सिआल्डिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखवून दिली. अमेरिकी विद्यापीठांतील विद्यार्थी आपला फुटबॉल संघ जिंकल्यानंतर विद्यापीठाचे नाव असलेले कपडे अधिक प्रमाणात घालतात, असे त्यांना आढळले. परावर्तित कीर्तीचा हाच एक नियम असता, तर सर्वांनी नेहमी बलवानाचीच बाजू घेतली असती. प्रत्यक्षात तसे घडत नाही. फ्रेझियर आणि स्नायडर यांनी १९९१ मध्ये विद्यार्थ्यांपुढे दोन काल्पनिक संघांची मालिका ठेवली, तेव्हा बहुसंख्यांनी दुबळा संघ निवडला. मात्र त्या संघाने अनपेक्षितपणे पहिले तिन्ही सामने जिंकले असे सांगताच, अनेकांचे मन मागे पडलेल्या बलवान संघाकडे वळले.

वँडेलो, गोल्डश्मीड आणि रिचर्ड्स यांचा २००७ मधील अभ्यास या बाबतीत अधिक बोलका आहे. विजयाची शक्यता कमी, परंतु खेळाडूंवर खर्च करण्यास पैसा मात्र अधिक, अशा संघाविषयी सहभागी व्यक्तींना जिव्हाळा वाटला नाही. म्हणजे केवळ हरण्याची शक्यता सहानुभूतीस पुरेशी नसते. साधनांची विषमताही असावी लागते. तसेच एकाच सामन्याचे चित्रण पाहताना, जो संघ दुबळा म्हणून सांगितला गेला त्याने अधिक कष्ट घेतले, असे प्रेक्षकांना वाटले. दुबळ्याच्या ठायी आपण परिश्रम पाहतो, आणि परिश्रमास फळ मिळावे ही अपेक्षा न्यायाचीच असते.

रसविचाराच्या प्रकाशात

भारतीय साहित्यशास्त्राच्या परिभाषेत हा अनुभव एकेरी नाही. आरंभी विषमता पाहून करुणाची छाया पडते. पुढे झुंज उभी राहिली की उत्साह हा स्थायीभाव जागा होऊन वीररसाचा प्रत्यय येतो. आणि अखेरीस अघटित घडल्याने विस्मय, म्हणजे अद्भुताचा स्थायीभाव, जागृत होतो. एका खेळाडूची व्यथा ही त्याची एकट्याची न राहता सर्वांची होते, हे साधारणीकरण होय. कार्यालयात, शाळेत वा कुटुंबात कधीतरी कमी लेखल्या गेलेल्या प्रत्येकास त्या खेळाडूत स्वतःचा अंश दिसतो.

विजय हा या अनुभवाचा अनिवार्य भाग आहे काय? ‘रॉकी’ (१९७६) या मुष्टियुद्धावरील चित्रपटाचा नायक अखेरच्या लढतीत गुणांवर हरतो. तरीही प्रेक्षक तृप्त होऊन उठतो, कारण पंधरा फेऱ्या जगज्जेत्यापुढे उभा राहून त्याने आपली गणना करावयास लावलेली असते.

१९८३ चा विश्वचषक आणि ‘लगान’

१९८३ पूर्वीच्या दोन विश्वचषक स्पर्धांत मिळून भारताने केवळ एक सामना, तोही पूर्व आफ्रिकेविरुद्ध, जिंकला होता. वेस्ट इंडीजने ते दोन्ही चषक पटकावले होते. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्स येथे झिंबाब्वेविरुद्ध भारताची अवस्था ५ बाद १७ अशी असताना कपिलदेव यांनी नाबाद १७५ धावा केल्या. पुढे २५ जून रोजी लॉर्ड्सवरील अंतिम सामन्यात तुटपुंज्या १८३ धावा करून भारताने वेस्ट इंडीजला १४० धावांत गुंडाळले. टनब्रिज वेल्सच्या त्या खेळीचे चित्रीकरण उपलब्ध नाही. ‘८३’ (२०२१) या चित्रपटास ती नव्याने उभी करावी लागली. जे डोळ्यांनी पाहिले नाही तेही पिढ्यान्पिढ्या सांगितले जाते, यावरून अशा विजयास कथारूप धारण करण्याची किती ओढ असते ते ध्यानी येते.

आशुतोष गोवारीकर दिग्दर्शित ‘लगान’ (२००१) या चित्रपटात नियमांचे महत्त्व विशेष स्पष्ट होते. १८९३ सालच्या चंपानेर गावातील शेतकऱ्यांना हरल्यास तिप्पट सारा भरावयाचा आहे. सत्ता, शस्त्रे आणि पैसा इंग्रजांकडे आहे. पण मैदानावर सीमारेषा दोघांनाही सारखीच आहे. अखेरच्या फटक्यावर कर्णधार रसेल झेल घेतो, परंतु सीमारेषेबाहेर. आणि राज्यकर्त्यासही पंचाचा निर्णय मानावा लागतो. याच संघात अधू हाताने चेंडू वळविणारा अस्पृश्य कचरा आहे. गावाने दूर ठेवलेल्या माणसास मैदान जवळ करते.

विजयानंतरचे वास्तव

चित्रपट जेथे संपतो, तेथून पुढे प्रत्यक्ष जीवन सुरू होते. कचरा पाहताना पुण्याच्या मैदानावर काम करीत गोलंदाजी शिकलेले पळवणकर बाळू आठवतात. चर्मकार समाजातील या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. परंतु ज्या सहकाऱ्यांसाठी ते बळी मिळवीत, त्यांच्यापासून दूर, वेगळ्या मातीच्या भांड्यात त्यांना चहा दिला जात असे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्यास आले नाही. तो मान १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाला. मैदानावरील समता सीमारेषेपाशीच थांबली होती.

कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचे उदाहरणही असेच विचार करावयास लावणारे आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी त्यांना वर्गणी गोळा करावी लागली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कुस्तीतील कांस्य, घेऊन खाशाबा परतले तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवून ते कर्ज फेडले. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. देशास दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले.

या दिरंगाईचा आणि प्रेक्षकाच्या सहानुभूतीचा संबंध काय? किम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की, निकालाचे परिणाम स्वतःस भोगावे लागणार असतील तर दुबळ्याविषयीचा ओढा ओसरतो. आसनावर बसून केलेला जयघोष स्वस्त असतो. घर गहाण ठेवणे महाग असते. शिवाय जिंकणारा एक दिसतो, तेव्हा साधनांअभावी मैदानापर्यंत न पोहोचलेले असंख्य दिसेनासे होतात, आणि ‘जिद्द असेल तर सारे शक्य आहे’ असा सोयीस्कर निष्कर्ष काढला जातो.

समारोप

दुबळ्याच्या विजयाने मिळणारा आनंद फसवा नाही. समान नियम मिळाल्यास कमी लेखलेला माणूस काय करू शकतो, याचा तो प्रत्यक्ष पुरावा आहे. क्रीडापट हा पुरावा दोन-तीन तासांत सुसूत्रपणे मांडतात, म्हणून ते प्रिय होतात. परंतु आनंदाच्या मुळाशी न्यायभावना असेल, तर तिची कसोटी सामना संपल्यावर लागते. जिल्ह्याच्या तालमीत, पालिका शाळेच्या पटांगणात आणि निवडसमितीच्या बैठकीत तोच नियम सर्वांना लागू आहे काय, हा प्रश्न विचारणारा प्रेक्षकच लिंबूटिंबूंचा खरा पाठीराखा ठरतो. खाशाबांच्या पाठीशी असा एक प्राचार्य होता. प्रत्येक खाशाबास तो लाभेल यावर विसंबणे मात्र न्याय्य नव्हे.