घड्याळातलं अंतर आणि रस्त्यावरचं अंतर

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन संपते आणि दुपार व्हायच्या आत धावणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्क्रीनशॉट यायला लागतात. कुणाच्या घड्याळात ४२.६ किलोमीटर, कुणाच्या ४२.८, एखाद्याच्या तर पुरे ४३. खाली ठरलेलं वाक्य असतं: "मार्ग नीट मोजलेला नाही, आयोजकांनी अर्धा किलोमीटर जास्त पळवलं." दुसरा लगेच दुजोरा देतो, "माझ्याही घड्याळात तेवढंच भरलं." तिसरा हिशेब मांडतो, की मार्ग बरोबर असता तर आपण चार तासांच्या आत आलो असतो. हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. शिवाय नवं घड्याळ घेणाऱ्याला हीच मंडळी सल्ला देतात, की शर्यतीत ज्याचं अंतर जुळेल ते घड्याळ चांगलं.

यातला आरोप चुकीचा आहे आणि सल्लाही. मार्ग कसा मोजतात आणि घड्याळ अंतर कसं काढतं, या दोन गोष्टी एकदा नीट समजून घेतल्या की घड्याळ कशावर पारखायचं हेही कळतं.

आधी मार्ग. वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सचं लेबल असलेल्या शर्यतीचा मार्ग मान्यताप्राप्त मापकाकडून मोजून घ्यावा लागतो, आणि हे मापन जीपीएसने करायला परवानगीच नाही. ते होतं सायकलने. सायकलच्या पुढच्या चाकाच्या आसापाशी 'जोन्स काउंटर' नावाचं छोटं यंत्र बसवतात. अमेरिकेतल्या अ‍ॅलन जोन्स यांनी ते १९७१ मध्ये तयार केलं. चाकाच्या एका फेरीत त्याचा आकडा वीसहून जास्त घरं पुढे सरकतो, म्हणजे एक घर जेमतेम नऊ-दहा सेंटिमीटरचं. पण टायरमधली हवा उन्हाने फुगते, मापकाच्या वजनाने टायर दबतो, आणि घराची लांबी बदलते. म्हणून मोजणीआधी निदान ३०० मीटरचा सरळ रस्ता पोलादी टेपने मोजून, दोन्ही टोकांना खुणा करून त्यावर सायकल चार वेळा नेतात आणि एका किलोमीटरला किती घरं पडतात ते ठरवतात. मार्ग मोजून झाला की त्याच रस्त्यावर पुन्हा चार फेऱ्या. टेपसुद्धा तापमानाने लांबते, तर तिचीही दुरुस्ती हिशेबात धरतात.

मोजायची रेषाही ठरलेली असते. धावणाऱ्याला नियमात राहून ज्या सगळ्यात जवळच्या वाटेने जाता येईल ती वाट, वळणावर कडेच्या दगडापासून ३० सेंटिमीटरवरून. आणि एवढं करूनही मार्ग चुकून आखूड राहू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर मुद्दाम वाढवतात. मॅरेथॉनला ही वाढ होते ४२ मीटर. म्हणजे मार्ग जाणूनबुजून लांब ठेवलेला असतो हे खरं, पण तो ४२ मीटरनं, पाचशेनं नाही.

मग उरलेलं अंतर आलं कुठून? थोडं तुमच्याच पायांनी आणलं. त्या सगळ्यात जवळच्या रेषेवरून हजारो माणसांच्या गर्दीत कुणालाच पळता येत नाही. काटकोनाच्या वळणावर दोन मीटर बाहेरून गेलात की तीन मीटर वाढले. पाण्याच्या टेबलाकडे तिरकं जाणं, हळू चालणाऱ्याला वळसा घालणं, ओळखीचा माणूस दिसला म्हणून रस्त्याच्या त्या बाजूला जाणं, हे सगळं अंगावर जमा होतं. हे अंतर तुम्ही खरोखर पळालेलं असतं. पण ते मार्गाचं नव्हे.

बाकीचं घड्याळाचं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. उपग्रहाचा संदेश कधी निघाला आणि घड्याळाला कधी मिळाला, एवढ्या वेळावरून अंतर काढलं जातं. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, तेव्हा वेळेत जराशी गफलत झाली तरी जागा मीटरांनी हलते. मनगटावरच्या घड्याळात काही अणुघड्याळ नसतं. म्हणून जागेसाठी तीन आणि वेळेची चूक काढण्यासाठी चौथा, असे निदान चार उपग्रह एकाच वेळी लागतात. जीपीएस चालवणाऱ्या अमेरिकी सरकारची अधिकृत माहिती सांगते, की मोकळ्या आभाळाखाली साधारण स्मार्टफोन आपली जागा ४.९ मीटरच्या त्रिज्येत सांगतो. घड्याळाचा अँटेना फोनच्याहून लहान, आणि तो हलत्या हातावर.

आता हा आकडा धावण्याशी लावून बघा. किलोमीटरला पाच मिनिटं चाळीस सेकंद या गतीने पळणारा माणूस सेकंदाला जेमतेम तीन मीटर जातो. घड्याळ दर सेकंदाला एक बिंदू टाकतं. म्हणजे दोन बिंदूंमधलं खरं अंतर तीन मीटर आणि प्रत्येक बिंदूची संभाव्य चूक त्याहून मोठी. लागोपाठच्या बिंदूंची चूक बहुतेक एकाच बाजूला झुकलेली असते आणि घड्याळातलं सॉफ्टवेअर वेडेवाकडे बिंदू गाळतं, म्हणून निभावतं. तरीही थोडी नागमोड उरतेच, आणि नागमोडी रेष सरळ रेषेपेक्षा लांबच असणार. पीटर रानाखर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ जिऑग्राफिकल इन्फर्मेशन सायन्स'मध्ये हे गणितानं आणि प्रयोगानं दाखवलं: जागेच्या चुकांमुळे जीपीएसने काढलेलं अंतर सरासरीने खऱ्यापेक्षा जास्तच भरतं. एक टक्का वाढ धरली तरी मॅरेथॉनमध्ये ती होते ४२० मीटर. ग्रुपवर ज्याच्यावरून भांडण चालतं तो अर्धा किलोमीटर हाच.

पेडर रोडसारख्या उंच इमारतींच्या रस्त्यावर आणखी भर पडते. संदेश भिंतीवर आपटून वळसा घेऊन येतो, घड्याळ त्याला सरळ आलेला समजतं आणि नकाशावर तुम्ही कुणाच्या तरी दिवाणखान्यातून पळालेले दिसता. उलट साताऱ्याच्या यवतेश्वर घाटासारख्या रस्त्यावर अंतर कमीही भरू शकतं, कारण झाडीत सिग्नल तुटतो आणि वळणावर दूरदूर पडलेले बिंदू सरळ जोडले की वळण कापलं जातं. "सगळ्यांच्या घड्याळात जास्तच आलं, मग ते चुकीचं कसं?" या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. तेच उपग्रह, त्याच इमारती, तीच गर्दी. दहा जणांची चूक एकाच दिशेची असली म्हणून ती खरी होत नाही.

लहान गावात हौसेनं भरवलेल्या, प्रमाणपत्र नसलेल्या शर्यतीचा मार्ग खरोखर चुकलेला असू शकतो. तिथे जरूर विचारा. पण विचारायचं ते "मार्ग कुणी आणि कसा मोजला?" हे. स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे.

हा गैरसमज नुसता वादापुरता असता तर मी एवढा वेळ घेतला नसता. त्याने माणसांच्या शर्यती बिघडतात. चार तासांत मॅरेथॉन संपवायची तर किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद ही गती लागते. घड्याळात सरासरी ५:४१ दिसतेय म्हणून निश्चिंत राहिलात आणि घड्याळाचं अंतर ४२.७ भरत असेल, तर शेवटची रेषा ओलांडाल तेव्हा ४ तास २ मिनिटं ४१ सेकंद झालेले असतील. घड्याळात ५:३७ दिसायला हवी होती. महिनोन्‌महिने पहाटे उठून केलेला सराव असा तीन मिनिटांनी हुकतो आणि दोष जातो मार्गाला. शर्यतीत घड्याळाचं किलोमीटरमागे आपोआप वाजणं बंद ठेवा, आयोजकांनी लावलेल्या किलोमीटरच्या पाटीपाशी स्वतः लॅपचं बटण दाबा आणि वेळ बघा.

मग घड्याळ पारखायचं कसं? मोबाइलशी ताडून नको, त्यातही तोच जीपीएस आहे. ज्याची लांबी आधीपासून पक्की आहे अशी जागा गाठा. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात आहे तसा ४०० मीटरचा ट्रॅक सगळ्यात उत्तम. पहिल्या लेनमध्ये आतल्या कडेला धरून दहा फेऱ्या मारा, चार किलोमीटर व्हायला हवेत. लेन बदलू नका, दुसऱ्या लेनमध्ये एक फेरी ४०७ मीटरची होते आणि आठवीत ४५३. घड्याळात 'ट्रॅक रन' असेल तर चाचणीपुरता तो वापरू नका. ट्रॅक ४०० मीटरचा आहे हे त्याला आधीच ठाऊक असतं, आणि तो तुमचे बिंदू त्या आकारात बसवतो. साधा 'रन' लावा. नंतर नकाशावर दहा फेऱ्यांच्या रेषा एकमेकींवर किती बसतात ते बघा. एकूण अंतर योगायोगानेही जुळतं, रेषा योगायोगाने जुळत नाहीत. नेहमीच्या रस्त्यावर आठवडाभर तीच फेरी मारून आकडा रोज किती बदलतो हेही बघा. दर वेळी एकसारखा एक टक्का जास्त दाखवणारं घड्याळ मला चालेल, आज कमी उद्या जास्त दाखवणारं नाही. दोन फ्रीक्वेन्सींवर चालणारं, दुकानात 'ड्युअल-बँड' म्हणून मिळणारं घड्याळ इमारतींच्या गर्दीत खरंच बरं चालतं. मोकळ्या मैदानावर किंवा गावाबाहेरच्या रस्त्यावर पळणाऱ्याने त्यासाठी जास्तीचे पैसे घालायची गरज नाही.

हृदयगतीच्या आकड्याबद्दलही असाच अंधविश्वास आहे. छातीचा पट्टा हृदयाचा विद्युत संकेत टिपतो. मनगटावरचं घड्याळ कातडीत हिरवा प्रकाश सोडतं आणि रक्ताच्या लाटेबरोबर परत येणाऱ्या प्रकाशात किती फरक पडला त्यावरून ठोके ओळखतं. हात हलला की तोही फरक पडतो. पळताना पावलं मिनिटाला १६० ते १८० पडतात, आणि घड्याळ कधीकधी ठोके समजून पावलंच मोजत बसतं. सावकाश पळायला सुरुवात केल्या केल्या हृदयगती १७० दिसली आणि तिथेच थिजली, तर घाबरू नका. थांबा, मानेवर किंवा मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद नाडी मोजा, चारने गुणा, आणि घड्याळाचा पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर सरकवून घट्ट करा. खरी परीक्षा घ्यायची तर छातीचा पट्टाही बांधा आणि एक मिनिट जोरात, एक मिनिट हळू असं पळून दोन्ही आलेख शेजारी ठेवा. संथ पळण्यात जवळपास सगळी घड्याळं पास होतात, गती झटकन बदलली की बरीच मागे राहतात.

"आपल्या सावळ्या कातडीवर ही घड्याळं चालत नाहीत" असंही सांगितलं जातं. ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये 'एनपीजे डिजिटल मेडिसिन'मध्ये छापलेल्या अभ्यासात त्वचेच्या रंगामुळे हृदयगतीच्या अचूकतेत लक्षणीय फरक आढळला नाही. फरक आढळला तो हालचालीमुळे: विश्रांतीपेक्षा हालचालीत चूक सरासरी ३० टक्क्यांनी जास्त.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. घड्याळाने ६०० कॅलरी जळल्या म्हटलं म्हणून मिसळपाव हक्काचा होत नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सात उपकरणं तपासली तेव्हा कॅलरीत सगळ्यात बरं निघालेलं उपकरणही सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. '२२० वजा वय' ही तुमची कमाल हृदयगती नव्हे, ती लोकांची ढोबळ सरासरी आहे. तुमची खरी मर्यादा दहा-बारा ठोक्यांनी इकडेतिकडे असणं अगदी सामान्य, त्यामुळे त्यावर आखलेले झोनही तेवढेच ढोबळ. दहा हजार पावलांचा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही, तो १९६५ च्या एका जपानी पावलं-मोजणीयंत्राच्या नावातून आला. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. फक्त पळायच्या आधी मोकळ्या आभाळाखाली मिनिटभर उभं राहून सिग्नल पक्का होऊ द्या. '५ एटीएम' म्हणजे पन्नास मीटर खोल बुडी मारायची मुभा नव्हे.

आणि शेवटचा, यातला खरोखर धोकादायक: "घड्याळातला ईसीजी नॉर्मल आला, म्हणजे हृदय ठीक." घड्याळातला ईसीजी एकाच लीडचा असतो. त्याने काही प्रकारची अनियमित लय ओळखता येते, हार्ट अटॅक ओळखता येत नाही, आणि हे अ‍ॅपल स्वतःच आपल्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहितं. पळताना किंवा पळून झाल्यावर छातीत दाब आला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, दरदरून घाम फुटला, तर मनगटाकडे बघत बसू नका. जवळच्या माणसाला हाक मारा आणि १०८ ला फोन करा.