तळाची बातमी

मासे बाजारात मिळत असताना ते पकडायला आपण होऊन पाण्यात जावे, असे मला आयुष्यात कधी वाटले नव्हते. पण गेल्या वर्षी भाऊबीजेला बोईसरला ताईकडे गेलो, ओवाळणी झाली, फराळ झाला, आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने पलंगाखालून एक पिशवी ओढली. तीतून हवा भरायची होडी, तुकडे जोडून होणारी गळाची काठी, दोन वल्ही आणि मोसंब्याएवढा एक काळा गोळा निघाला.

"मामा, हा पाण्यात सोडला की मासे कुठे आहेत ते मोबाइलवर दिसतं!"

"माशांना कळतं का ते?" मी विचारले. तो हसला, पण प्रश्न अगदीच वेडा नव्हता.

हा गोळा पाण्यात आवाज सोडतो. तो इतका बारीक असतो की माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. तळाला आपटून तो सेकंदाच्या पन्नासाव्या भागात परत आला, तर जाऊन-येऊन ३० मीटर, म्हणजे खोली १५ मीटर. वाटेत मासा असला तर त्याचाही प्रतिध्वनी येतो. तो मुख्यतः माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून येतो. आपल्याकडे घोळ माशाच्या या पिशवीला 'भोत' म्हणतात आणि तिला परदेशात सोन्याचा भाव आहे. २०२१ साली मुरब्याच्या एका नाखव्याला दीडशेहून अधिक घोळ मिळाले आणि ते एक कोटीच्या वर गेले, हे वाचकांना आठवत असेल. ज्या पिशवीने घोळ महाग झाला, तीच यंत्रापुढे त्याची चहाडी करते. मुशीला ही पिशवीच नसते, त्यामुळे ती पुष्कळ अंधुक दिसते.

ही हलकी सामग्री मूळची आपल्यासाठी नव्हे. कॅनडासारख्या देशात माणसे होडी घेऊन आठ-आठ दिवस रानातल्या तळ्यांतून हिंडतात. एक तळे संपले की होडी डोक्यावर घेऊन दुसरे गाठायचे. तिथे तोळातोळा वजन मोजावे लागते. तळ्याला भरती-ओहोटी नसते, ही गोष्ट मात्र आम्हा दोघांच्याही ध्यानात आली नाही.

बोईसरजवळची खाडी नको, असे ठरले. कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध तिथल्या मच्छीमारांनी २०१६ साली हरित लवादाकडे दाद मागितली होती. म्हणून पंचमीच्या सकाळी साडेसातला आम्ही सातपाटी-मुरब्याच्या खाडीत होडी लोटली. यंत्र झकास चालले. मोबाइलवर खोली आठ फूट, मग सहा, मग साडेतीन, आणि मधून मधून कमानीसारख्या खुणा. "मासा! मामा, मासा!" भाचा ओरडे आणि गळ टाकी. गळाला काही लागेना. खोली दीड फुटावर आली तेव्हा मी म्हटले, "अरे, हे पाणी कुठे चाललं?"

पाणी समुद्रात चालले होते. थोड्याच वेळात होडी चिखलावर टेकली. उतरायला पाय खाली घातला तो गुडघ्याच्या वर रुतला; भाच्याने बखोटीला धरून मला वर ओढले तेव्हा दोघांचेही चेहरे उतरले होते. जीवरक्षक जाकिटे त्याने घेतली नव्हती, कारण पिशवीत जागा उरली नव्हती! दोन-अडीच तास आम्ही उन्हात तसेच बसलो. पाणी चढले तेव्हा होडी आपोआप उचलली गेली.

बंदराच्या पायरीवर एक म्हातारे तांडेल बसले होते. त्यांनी सगळा प्रकार पाहिला होता.

"मास्तर, आज तिथी कोणती?"

"पंचमी."

"तिथीची पाऊणपट करा. पाचाची पावणेचार. पावणेचारला पुरी भरती. सकाळी साडेसातला पाणी उतरतं असणार, हे पंचांगच सांगतं. चढत्या पाण्यात अडकलात तर दर्याच सोडवतो. उतरत्या पाण्यात अडकलात तर बसा!"

दुसऱ्या दिवशी दुपारी, चढत्या पाण्यात, ते स्वतः आम्हाला आपल्या लाकडी होडीतून घेऊन गेले. या खेपेला जाकिटे आधी घेतली. भाच्याने गोळा दोरीला बांधून पाण्यात सोडला आणि माशांच्या कमानी दाखवू लागला. तांडेलकाकांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, पण त्यांचे बोट कमानींच्या खालच्या रेघेवर गेले.

"हा तळ का?"

"हो काका."

"मग मासे राहू द्या. खाडीच्या तोंडाशी चला."

त्यांचा मुलगा बोटीवर असतो. खाडीत गाळ साचला आहे. ओहोटीला बोटी आत येऊ शकत नाहीत, बाहेर ताटकळतात, बर्फ वितळतो, मासा नरम पडतो. पावसाळ्यानंतर खोल पाण्याची वाट सरकली होती आणि एका रात्री मुलाची बोट तळाला घासली होती. तेव्हापासून म्हातारे शिशाचे वजन बांधलेल्या दोरीने खोली पाहत होते. पण एका जागी एकदा, हात दुखेपर्यंत.

आम्ही खाडीचे तोंड चार वेळा आडवे कापले. भाचा फूट सांगे, काका त्याचे वाव करीत, मी वहीत लिही. प्रत्येक आकड्यापुढे ते वेळ लिहायला लावीत. "पाणी चढतंय ना मास्तर! वेळ नसली तर आकडा खोटा." हे भाच्याच्या यंत्राला ठाऊक नव्हते. आणि जिथे काकांना जुनी वाट वाटत होती, तिथून ती उत्तरेला बरीच सरकलेली निघाली. हे काकांना ठाऊक नव्हते.

मागाहून वाचले की १९१४ साली फेसेंडेन नावाच्या शास्त्रज्ञाने हिमनगाचा ठाव घ्यायला पाण्यात आवाज सोडला, तेव्हा हिमनगाबरोबर तळाचाही प्रतिध्वनी आला होता. जपानमध्ये फुरुनो बंधूंनी त्यातून मासे शोधायचे यंत्र बाजारात आणले ते १९४८ साली. म्हणजे तांडेलकाकांनी यंत्राला त्याच्या जुन्या कामाला लावले होते.

भाच्याने तो गोळा काकांकडेच ठेवला. "गाळ हलतो, दर महिन्याला बघावं लागेल," एवढेच म्हणाला. माझ्या वहीचे पानही काकांनी फाडून घेतले.

घरी ताई मसाला वाटून वाट पाहत होती.

"मासे?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. त्या मसाल्यात रात्री बटाटे शिजले, आणि भाचा दोन वेळा मागून जेवला.