गाव म्हणजे कोण?

पर्यटनाने गाव सुधारते, असे सर्रास म्हटले जाते. मी माथेरानचा. माझे वडील हातरिक्षा ओढत. म्हणून हे वाक्य ऐकले की मी विचारतो, गाव म्हणजे नेमके कोण?

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने १८५० साली माथेरान ‘शोधले’, असे सांगतात. या डोंगरउतारांवर आधीपासून राहणारे ठाकर, कातकरी, धनगर या इतिहासात कोठेच नाहीत. १९०७ साली नेरळहून छोटी रेल्वे आली. २००३ साली परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे धूर नाही, भोंगा नाही, पाहुणा खूष! पण ज्याला चालवत नसे तो कसा जाई? घोड्यावर, नाहीतर माणसाने ओढलेल्या गाडीतून. एक जण पुढून ओढी, दोघे मागून रेटत.

चढावर एखादा सहृदय पाहुणा उतरून चालू लागे. वडिलांना बरे वाटे. पण आता हा भाडे कापील की काय, ही धास्तीही वाटे. पर्यटनाबद्दलचे आमचे मत या दोन भावनांत सापडते.

हॉटेलमालकाला विचारा, तो हंगामाचा हिशेब सांगेल. खालच्या वाडीतून डोक्यावर ओझे घेऊन चढणारी आदिवासी बाई मजुरीचा सांगेल. २०२२ साली ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली, तेव्हा हातरिक्षावाल्यांना सुटका दिसली, घोडेवाल्यांना उपासमार. दोघेही कष्टकरीच. दोघांनाही जमिनीचा आधार नाही. म्हणून एकाची सुटका दुसऱ्याला संकट वाटते. मालकवर्गाला असे भांडावे लागत नाही.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही प्रथा माणसाच्या प्रतिष्ठेला काळिमा ठरवली आणि हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. ई-रिक्षा ओढणाऱ्यांनाच द्याव्यात, उरलेल्या आदिवासी स्त्रिया व इतर गरजूंना द्याव्यात, पैसा नाही ही सबब शासनाने सांगू नये, असेही बजावले.

आदेशातला हा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. नुसती बंदी आली तर माणूस जोखडातून सुटेल आणि बेकारीत पडेल. वडिलांना मी एकदा विचारले होते, “पाहुणे नकोत का तुम्हाला?” ते म्हणाले, “येऊ देत की. त्यांच्यावरच घर चालतं. पण त्यांना बसवून न्यायला गाडी आपली पाहिजे, आपण गाडीचा बैल नको.”