कासवीची दृष्टी

आज आषाढी एकादशी. पंढरीत चंद्रभागेच्या वाळवंटी आज पाय ठेवावयास जागा नसेल. ज्यांना वारीला जाता आले नाही, ते सायंकाळपर्यंत आपापल्या गावच्या विठ्ठलमंदिरात जाऊन येतील. गाभाऱ्याकडे जाताना सभामंडपाच्या फरसबंदीत बसविलेल्या दगडी कासवाला ते हात लावतील, तो हात कपाळी नेतील आणि पुढे होतील. हे कासव देवाकडे तोंड करून तेथे का बसले आहे, असा प्रश्न मात्र आपल्या मनात क्वचितच येतो.

जाणती मंडळी त्याची दोन उत्तरे देतात. कासव आपले अवयव आत ओढून घेते, त्याप्रमाणे इंद्रिये आवरून देवापुढे यावे, हे पहिले. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील दृष्टांतामुळे ते सर्वांच्या परिचयाचे आहे. दुसरे उत्तर आपल्या संतांच्या विशेष आवडीचे. कासवी पिलांना दूध पाजीत नाही की चारा भरवीत नाही. ती त्यांच्याकडे नुसत्या प्रेमभराने पाहते आणि त्या दृष्टीवरच पिले वाढतात, अशी जुनी समजूत आहे. परमेश्वरही आपल्या लेकरांना असाच कृपादृष्टीने पोशितो, हा भाव संतांनी तीतून घेतला. विठोबाला माउली म्हणणाऱ्या संप्रदायाला ही उपमा जिव्हाळ्याची वाटावी, यात नवल नाही.

परंतु प्रत्यक्ष कासवी काय करते? रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ते पाहावयास मिळते. हिवाळ्याच्या दिवसांत समुद्रकासवाची मादी रात्री एकटीच वाळूवर येते. मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा खणते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजविते आणि समुद्रात निघून जाते. ती पुन्हा त्या घरट्याकडे फिरकत नाही. आपली पिले ती कधी पाहतही नाही!

हे प्रथम कळते तेव्हा श्रद्धाळू मन क्षणभर चरकते. ज्या दृष्टीच्या भरवशावर संतांनी आपल्याला निश्चिंत राहावयास सांगितले, ती दृष्टीच नसेल तर? आणि हा प्रश्न केवळ कासवीचा राहत नाही. घरात दुखणे आले, पेरलेले उगवले नाही, नवस बोलूनही पदरी निराशा आली, की हाच प्रश्न आपणही देव्हाऱ्यासमोर बसून विचारीत असतो: देवा, तुझे लक्ष आहे ना?

याचे उत्तर त्या वाळूतच शोधू. आई गेली, पण जाताना तिने काय ठेवले? प्रत्येक अंड्यात पिलाच्या वाढीपुरते अन्न आहे. पिलू बाहेर येते तेव्हाही त्यातील थोडा बलक त्याच्या पोटात शिल्लक असतो, आणि समुद्रातील पहिल्या दिवसांची ती शिदोरी होते. वाळूची ऊब दीड-दोन महिने अंडी उबविते. नर निपजावा की मादी, हेही त्या उबेवरच ठरते. रात्रीच्या अंधारात समुद्राच्या बाजूचे मोकळे क्षितिज किंचित उजळ दिसते, आणि कोणी न शिकविता पिले त्या उजेडाकडे धावत सुटतात. पुढे अनेक वर्षांनी त्यांतील मादी अंडी घालण्यासाठी, पृथ्वीच्या चुंबकत्वाचा माग काढीत, आपल्या जन्मभूमीच्या किनाऱ्याकडे परत येते.

ही सारी तरतूद पिलू जन्मण्यापूर्वीच झालेली असते. भूक लागण्याआधी अन्न आणि वाट चालण्याआधी दिशा! ही योजना त्या मुक्या कासवीची आहे, असे कोण म्हणेल? डोळ्यांनी पाहणे ही दृष्टीची लहानशी बाजू होय. पुढे काय लागेल हे आधीच जाणणे, ही खरी दृष्टी. संतांची उपमा म्हणूनच खोटी ठरत नाही. आपण समजत होतो त्याहून ती खोल आहे, एवढेच.

येथे एक कठोर सत्य मात्र झाकून ठेवता कामा नये. समुद्राकडे धावणाऱ्या या पिलांपैकी फारच थोडी मोठी होतात. कोणी खेकड्यांच्या तोंडी पडतात, कोणी पक्ष्यांच्या, कोणी माशांच्या. ईश्वराची काळजी म्हणजे संकट न येण्याची हमी असती, तर हे घडले नसते. महाराष्ट्राने १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. त्या वर्षी खडी फोडणाऱ्या हातांत टाळही होते. गळ्यात माळ होती म्हणून त्यांच्या शेतावर निराळा पाऊस पडला नाही, आणि पाऊस पडला नाही म्हणून त्यांनी माळ काढून ठेवली नाही. एवढ्या यातनांचा अर्थ काय, हे आपल्या बुद्धीला उलगडत नाही. पण भाव हा सौदा नव्हे, हे त्या माणसांनी आपल्या आचरणाने दाखविले.

तसेच, भाव म्हणजे आळसही नव्हे. वेळासच्या किनाऱ्यावरील अंडी एके काळी कोल्ह्याकुत्र्यांप्रमाणे माणसेही उकरून नेत असत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने तेथे संरक्षणाचे काम आरंभिले, आणि पुढे गावकरीच त्या घरट्यांचे राखणदार झाले. पहाटे उठून घरटी शोधावयाची, अंडी जपून कुंपणाच्या आत त्याच खोलीवर पुरावयाची आणि पिले निघाली की ती समुद्राजवळ सोडावयाची, हे काम आजही चालते. अंडी नेणारे हात आणि अंडी राखणारे हात माणसाचेच. आपल्यापुरते पाहावयाचे, तर देवाची काळजी पुष्कळदा अशी कोणाच्या तरी हातांतून पोहोचते, आणि ते हात कधी आपले असावेत, अशीही त्याची अपेक्षा असते.

आजच्या एकादशीला देवशयनी म्हणतात. भगवंत आज क्षीरसागरी निद्रिस्त होतात, ते कार्तिकीला जागे होतात, अशी आपली श्रद्धा. नेमका हाच काळ शेतकऱ्याच्या खऱ्या काळजीचा. बी मातीआड गेलेले, पाऊस लांबला तर दुबार पेरणीची टांगती तलवार डोक्यावर. तरीही पेरणी उरकून, शेत मागे ठेवून वारकरी पंढरीची वाट चालतो. देव निजला तरी त्याची दृष्टी मिटत नाही, हे त्याला पोथीने शिकविले तितकेच मातीने शिकविले आहे. दाण्याच्या दोन डाळिंबींत कोंबाची शिदोरी कोणी तरी आधीच बांधून ठेविली आहे, हे तो दर वर्षी पाहतो.

आज मंदिरात गेल्यावर त्या दगडी कासवापाशी आपण क्षणभर थांबू. यंदाच्या हंगामातील पिले या घटकेला कोकणच्या खवळलेल्या पावसाळी दर्यात कोठे तरी असतील. आई त्यांच्याजवळ नाही, पण तिने दिलेले त्यांच्याजवळ आहे. आपल्याला काय दिलेले आहे, हे एकदा आठवून पाहू, आणि मग मान वर करून विटेवरच्या त्या समचरण मूर्तीच्या डोळ्यांकडे पाहू.